त्र्यंबकमध्ये पूजेची वाट सापडते, कॉलेजची का सापडत नाही?

नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला, हे चळवळीतल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. परंतु त्याआधी त्याच नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबक येथे घडलेली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्र्यंबकला चोखामेळ्याचे मंदिर बांधावे, असा विचार तेव्हा आपल्या बांधवांनी मांडला होता. परमपूज्य बाबासाहेबांनी त्यांना पटवून दिले की, चोखोबाचे खरे स्मारक दगडामातीचे नव्हे. अस्पृश्यतेचा कलंक पुसून टाकण्यासाठी स्वतःला वाहून घेणे, हेच त्याचे स्मारक. मंदिराचा विचार मागे पडला. जो समाज देवळासाठी वर्गणी काढायला निघाला होता, त्याला बाबासाहेबांनी माणूस म्हणून उभे राहण्याच्या वाटेवर आणून सोडले.

आज त्याच त्र्यंबकमध्ये आम्हाला एक साधा प्रश्न विचारायचा आहे. त्र्यंबकेश्वरला येणारा भाविक कधी वाट चुकतो काय? बसमधून उतरल्यापासून त्याला कुशावर्त कोणीकडे, मंदिर कोणीकडे, ब्रह्मगिरीची पायवाट कोठून, संत निवृत्तिनाथांची समाधी कोठे, हे सांगणारे फलक आणि माणसे जागोजागी भेटतात. नारायण नागबली, कालसर्प, त्रिपिंडी अशा विधींना किती दिवस लागतात, सोबत काय आणायचे, कोठे उतरायचे, याची माहिती त्याला घरबसल्या मिळते. आता २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी तर रस्ते, घाट आणि वाहनतळ यांची कामे निघाली आहेत. कुंभाच्या गर्दीत अक्षरओळख नसलेला माणूसही चुकू नये म्हणून बाणांचे आणि चित्रांचे फलक लावावे लागतात, हे शासनाला चांगले कळते.

मग याच तालुक्यातल्या पाड्यावरची पोरगी दहावी पास होऊन त्र्यंबकच्या स्टँडवर उतरते, तेव्हा तिला वाट दाखवणारा एक तरी फलक आहे काय? अकरावीला जावे की आयटीआयला? सायन्स घ्यावे की आर्ट्स? पॉलिटेक्निक म्हणजे काय? फॉर्म कोठे भरायचा, दाखला कोणाकडून काढायचा, शिष्यवृत्ती कोण देतो, वसतिगृह कोठे आहे? या प्रश्नांची उत्तरे तिच्या घरात कोणाकडे नाहीत, कारण तिच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी ती पहिलीच. उत्तरे नसतील तर ती काय करते? मैत्रीण जाते तेथे जाते, नाहीतर घरी बसते. घरी बसलेल्या मुलीचे लग्न ठरायला आपल्याकडे वेळ लागत नाही.

त्र्यंबकेश्वर तालुका बहुसंख्य आदिवासींचा आहे. महादेव कोळी, कोकणा, वारली, ठाकूर, कातकरी असे समाज येथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. आपली बौद्ध कुटुंबेही आहेत. जवळपास कॉलेजेच नाहीत, असेही म्हणता येत नाही. त्र्यंबकेश्वरात मराठा विद्या प्रसारक समाजाचे कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय आहे. त्र्यंबक रस्त्यावर महिरावणी आणि अंजनेरी येथे खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या मोठमोठ्या इमारती आहेत. गोवर्धन शिवारात १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. राज्याच्या आदिवासी विकास विभागाचे आयुक्तालयच मुळी नाशकात आहे. एसटीच्या खिडकीतून आपल्या मुलांना या इमारती रोज दिसतात. त्यांत शिरायचे कसे, एवढेच दिसत नाही.

वाट माहीत असणे हीसुद्धा एक वडिलोपार्जित इस्टेट आहे. ज्यांच्या घरात तीन पिढ्या प्रोफेसर, डॉक्टर, वकील आहेत, त्यांच्या पोराला कोणी मार्गदर्शन पुस्तिका देत नाही, कारण त्याला ती लागत नाही. नववीत असतानाच मामा सांगतो, काका सांगतो, शेजारच्या ताईच्या नोट्स मिळतात. सीईटीचा अर्ज कधी निघतो हे त्याला जेवणाच्या ताटावर कळते. याला लोक ‘गुणवत्ता’ म्हणतात! आम्ही म्हणतो, ही गुणवत्ता नव्हे, ही माहितीची मक्तेदारी आहे. पूर्वी वेद ऐकला तर कानात शिसे ओतण्याची भाषा होती. आता तशी भाषा कोणी करत नाही, करायची गरजही उरलेली नाही. माहिती सर्वांना खुली आहे असे जाहीर करायचे आणि ती अशा जागी, अशा भाषेत ठेवायची की आपल्या मुलाचा हात तेथे पोहोचू नये. परिणाम तोच होतो.

खुद्द बाबासाहेबांच्या चरित्रात पाहा. मॅट्रिक झालेल्या भीमरावाच्या बुद्धीत काय कमी होते? तरीही पुढची वाट उघडायला कृष्णराव अर्जुन केळुसकर नावाचे एक गुरुजी भेटावे लागले. त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले आणि पुढे सयाजीराव महाराजांकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला. बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली, १९१२ मध्ये बी.ए. झाले आणि १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठ गाठले. एका माणसाने एका मुलाला वाट दाखवली आणि कोट्यवधींचे नशीब पालटले. पण प्रत्येक पाड्यावर केळुसकर गुरुजी कोठून आणायचे? म्हणूनच आमचे म्हणणे असे की, जेथे माणूस पोहोचत नाही तेथे चित्र पोहोचले पाहिजे. प्रत्येक आश्रमशाळेच्या, प्रत्येक समाजमंदिराच्या भिंतीवर दहावीनंतरच्या वाटांचा सचित्र फलक लागला पाहिजे.

कोणी म्हणेल, शासनाने हे केलेच आहे. होय, २०१६ पासून दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली गेली. २०२० मध्ये युनिसेफच्या मदतीने महाकरिअर पोर्टल निघाले. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी आहे. पण पोर्टल उघडायला आधी रेंज लागते. पावसाळ्यात त्र्यंबकच्या डोंगरपट्ट्यात वीज दोन-दोन दिवस नसते, तेथे पोर्टलचे काय सांगता? आणि नेमका तोच हंगाम प्रवेशाचा असतो. द्राक्षबागांच्या कामाला नाशिक-दिंडोरीकडे गेलेली कुटुंबे पावसाच्या तोंडावर गावी परततात आणि भाताच्या आवणीत गुंततात. जून-जुलैत ज्या घरातले सगळे हात चिखलात आहेत, त्या घरातल्या मुलीला ‘शेवटची तारीख’ कळते ती तारीख उलटून गेल्यावर.

त्यात २०२५-२६ या वर्षापासून अकरावीचा प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाला. पूर्वी ही पद्धत मोठ्या शहरांपुरती होती. आता पाड्यावरच्या मुलीलाही एक ते दहा पसंतीक्रम भरावे लागतात. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर तेथे प्रवेश घ्यावाच लागतो, न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावे लागते. हा नियम तिला कोणी समजावून सांगितला? अर्ज भरतो नेटकॅफेवाला. पहिल्या क्रमांकावर कोणते कॉलेज टाकायचे हेही अनेकदा तोच ठरवतो. अर्जात मोबाइल नंबरही त्याचाच जातो, म्हणजे निरोप आला तरी तो दुकानातच पडून राहतो. मुलीच्या आयुष्याचा निर्णय असा काउंटरवर पन्नास-शंभर रुपयांत उरकला जातो.

तेव्हा हा फलक कसा असावा, याचाही विचार नीट झाला पाहिजे. टाय लावलेला गोरा मुलगा, डोक्यावर चौकोनी टोपी आणि मागे काचेची इमारत, असली चित्रे आम्हाला नकोत. ती पाहून पाड्यावरच्या पोराला एवढेच कळते की, हे आपल्यासाठी नाही. त्याच्या ओळखीची एसटी काढा, ओळखीचा घाट काढा, पावसात इरले घेतलेली आई काढा. दहावी हा एक स्टँड समजा आणि तेथून फुटणारे रस्ते रंगांनी दाखवा. एक रस्ता अकरावी-बारावीचा, दुसरा आयटीआयचा, तिसरा पॉलिटेक्निकचा. प्रत्येक रस्त्यावर किती वर्षे लागतात, तेवढे मैलाचे दगड काढा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे रस्ते पुढे एकमेकांना कोठे मिळतात ते दाखवा. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. डिप्लोमा झालेल्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. म्हणजे फिटर झालेला मुलगा पुढे इंजिनिअरही होऊ शकतो! हे आपल्या किती पालकांना ठाऊक आहे? आर्ट्स घेतले म्हणजे वाया गेला, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. पण बारावी कोणत्याही शाखेची असो, सीईटी देऊन पाच वर्षांच्या वकिलीला जाता येते. पदवी कोणत्याही शाखेची असो, एमपीएससीच्या राज्यसेवेला आणि यूपीएससीच्या नागरी सेवेला बसता येते. आणि जो दहावीत नापास झाला त्याचाही रस्ता काढा. त्याच्यासाठी जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, आयटीआयच्या काही व्यवसायांना दहावी नापासही चालतो. नापास झालेल्याला चित्रात जागाच नसेल, तर तो फलक पुन्हा पहिल्या बाकावरच्यांसाठीच झाला.

कोणते दार कोठे बंद होते, हेही दाखवले पाहिजे. अकरावी सायन्सला गणित सोडले की इंजिनिअरिंगचे दार बंद होते, जीवशास्त्र सोडले की डॉक्टरकीचे. सोळाव्या वर्षी ‘अवघड जाते’ म्हणून सोडलेला विषय अठराव्या वर्षी आडवा येतो. शहरातल्या मुलाला हे आधी कळते, आपल्याला नंतर. बंद दाराचे चित्र पाहून मूल घाबरेल असे काहींना वाटेल. आम्हाला वाटते, न सांगता दार बंद होणे जास्त भयंकर आहे.

दुसरा फलक कागदपत्रांचा. आपल्या मुलांच्या वाटेत काटे पसरतात ते याच ठिकाणी. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला आणि सर्वांत अवघड म्हणजे जात पडताळणी. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० आणि अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० या तारखांपूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा शोधावा लागतो. येथे त्र्यंबकमधला एक विरोधाभास वाचकांनी ध्यानात घ्यावा. या गावातल्या तीर्थपुरोहितांकडे यजमानांच्या वंशावळींच्या वह्या आहेत. कोणाचा पणजोबा कधी आला होता, त्याचे मुलगे कोण, नातू कोण, हे पिढ्यान्‌पिढ्या तेथे लिहून ठेवले जाते. दक्षिणा देऊ शकणाऱ्याचे सात पिढ्यांचे नाव जपले गेले. आणि याच डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आदिवासीला विचारले जाते, तू १९५० च्या आधी येथे होतास याचा कागद दाखव! त्याचा आजोबा शाळेतच गेला नाही, मग शाळा सोडल्याचा दाखला कोठून येणार? ज्याला शाळेबाहेर ठेवले त्याच्याकडेच शाळेचा कागद मागायचा, हा न्याय आहे काय?

असे असले तरी वाट काढावीच लागते. कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद, जमिनीचे जुने उतारे, चुलत आजोबाचा शाळेचा दाखला, वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाला आधी मिळालेले वैधता प्रमाणपत्र, यांचा उपयोग होतो. हे कागद कोणत्या कार्यालयात मिळतात, ते चित्राने दाखवा. तलाठी, तहसील, प्रांत आणि नाशिकची पडताळणी समिती यांचा क्रम दाखवा. आणि ही धावपळ बारावीच्या निकालानंतर नव्हे, तर आठवी-नववीतच सुरू करायची आहे, हे फलकावर सर्वांत मोठ्या अक्षरात लिहा. खोटे दाखले काढून राखीव जागा बळकावणाऱ्यांना कागद वेळेवर मिळतात आणि खऱ्या हक्कदाराचा प्रवेश एका कागदासाठी अडतो, हे आम्ही किती वर्षे पाहायचे?

तिसरा फलक पैशाचा आणि राहण्याचा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही कोणाची मेहेरबानी नव्हे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी पाठपुरावा करून अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी हा पैसा मिळवला. १९४४ साली सुरू झालेली ही योजना पुढे आदिवासींनाही लागू झाली. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी मुलांसाठी स्वयम योजना आहे. या योजना ज्या मुलांसाठी आहेत, त्यांतल्या किती जणांना त्यांची नावे तरी ठाऊक आहेत? बँक खाते आधारशी जोडलेले नसेल तर मंजूर झालेला पैसाही खात्यात येत नाही. अर्जात आपलाच किंवा घरातलाच मोबाइल नंबर द्यावा, पासवर्ड आपल्या वहीत लिहून ठेवावा, कोणत्याही एजंटाला मूळ कागद देऊ नयेत. या साध्या गोष्टी, पण त्या न कळल्यामुळे वर्षे वाया जातात.

चौथा फलक कॉलेजच्या आतला. प्रवेश मिळाला म्हणजे लढाई संपली असे नाही. हैदराबादच्या रोहित वेमुलाला २०१६ मध्ये आणि मुंबईत शिकणाऱ्या डॉ. पायल तडवीला २०१९ मध्ये आपण गमावले. ही दोघे वाट चुकलेली मुले नव्हती, वाट काढून शिखराजवळ पोहोचलेली मुले होती. म्हणून कॉलेजात जातीवरून कोणी हिणवले तर तक्रार कोठे करायची, रॅगिंगविरोधी समिती कोणती, समान संधी कक्ष कोठे असतो, बाहेर आपली कोणती विद्यार्थी संघटना आहे, हेही चित्रात आले पाहिजे. तू एकटा नाहीस, एकटी नाहीस, हे सांगणारे एक तरी चित्र शेवटी हवे.

चित्रांतून शिकवणे म्हणजे अडाण्यांसाठी काहीतरी हलके करणे, असे कोणी समजू नये. १९२५ साली व्हिएन्ना शहरात ओटो न्यूराथ या विचारवंताने कामगारांसाठी एक संग्रहालय उभे केले. घरे, रोगराई, मजुरी, व्यापार यांचे आकडे त्याने आणि गेर्ड आर्न्ट्झ या चित्रकाराने साध्या चित्रांत मांडले. कारण उघड होते. आकडे ज्याला समजतात तो राज्य करतो आणि ज्याला समजत नाहीत त्याच्यावर राज्य केले जाते. आपल्याकडे तर चित्राची भाषा घरातलीच आहे. वारली बायका लग्नाचा चौक भिंतीवर लिहीत आल्या. जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच भाषेसाठी. हॉटेलच्या भिंती आणि साड्यांचे काठ सजवायला जी कला चालते, ती आपल्या पोरांना कॉलेजची वाट सांगायला का चालू नये? मात्र ती शहरातल्या डिझायनरने नक्कल करून नव्हे, तर आश्रमशाळेतल्या मुलांनी स्वतः काढलेली असावी. त्यांच्यासोबत त्याच वाटेने जाऊन आलेली नर्स, आयटीआय झालेला वायरमन, पहिल्या पिढीतला प्राध्यापक बसला पाहिजे. कोठे ठेच लागते हे ठेच लागलेल्यालाच ठाऊक असते.

फलक चांगला झाला की नाही, हे ठरवायला समिती नको. आठवीतली मुलगी आणि तिची निरक्षर आई यांना फलकासमोर उभे करा आणि म्हणा, नर्स व्हायला कोठून कोठे जायचे ते बोटाने दाखवा. दाखवता आले तर फलक पास. नाही आले तर फलक नापास, ती मायलेक नव्हे. पुस्तिका छापली तर ती मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद होते, म्हणून फलक भिंतीवरच हवा. आणि तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून तेवढी जागा काळ्या रंगाची ठेवा, दरवर्षी खडूने लिहा.

याला पैसा कोठून आणायचा? आमचे उत्तर स्पष्ट आहे. आपल्या जयंतीच्या डीजेला एक रात्र विश्रांती द्या. आपल्या चळवळीच्या तारखाच या कामाला जुळलेल्या आहेत, जरा पाहा. ३ जानेवारीला, सावित्रीमाईंच्या जयंतीला, कागदपत्रांचा फलक लावा, म्हणजे दाखल्यांना पुरेसा वेळ मिळेल. १४ एप्रिलला वाटांचा फलक लावा, म्हणजे दहावीच्या निकालाआधी घराघरांत बोलणे सुरू होईल. २६ जूनला, वसतिगृहांचा पाया घालणाऱ्या राजर्षी शाहूंच्या जयंतीला, वसतिगृह आणि शिष्यवृत्तीचा फलक लावा. आणि ६ डिसेंबरला गावातला कोणता मुलगा, कोणती मुलगी मध्येच शिक्षण सोडून घरी आली, याची यादी करा. त्या महामानवाला याहून मोठे अभिवादन दुसरे नाही.

विदर्भात वर्ध्याला नालंदा अकॅडमीने २०१३ पासून खेड्यातल्या मुलांना देशातल्या मोठ्या विद्यापीठांची वाट दाखवण्याचे काम केले आहे. म्हणजे हे होऊ शकते. नाशिकसारख्या दादासाहेब गायकवाडांच्या जिल्ह्यात ते का होऊ नये?

एक गोष्ट मात्र शासनाने नीट ऐकावी. फलक लागला म्हणजे सरकारची जबाबदारी संपली, असे आम्ही म्हणू देणार नाही. वाट दाखवून शेवटी दार बंदच असेल, वसतिगृहात जागाच नसेल, शिष्यवृत्ती वर्ष संपल्यावर येत असेल, तर त्या चित्राला काही अर्थ नाही. दुर्बल घटकांचे, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींचे शैक्षणिक हित जपावे, असे घटनेचे ४६ वे कलम राज्याला बजावते. उलट, फलकामुळे आपल्या लोकांना आपला हक्क दिसेल आणि दिसलेला हक्क माणूस मागतोच. कदाचित म्हणूनच तो इतकी वर्षे कोणी चितारला नसावा!

आणि आपल्यातल्या नोकरदारांनाही आमचे सांगणे आहे. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल खंत व्यक्त केली होती. ती दूर करण्याची संधी आज एका भिंतीवर उपलब्ध आहे. आपण ज्या वाटेने वर आलो ती वाट आपल्या मागे पुसून टाकू नका. चोखोबाच्या देवळासाठी आणलेली वीट बाबासाहेबांनी खाली ठेवायला सांगितली. त्या रिकाम्या झालेल्या हातात आता कुंचला घ्या आणि त्र्यंबकच्या एका तरी भिंतीवर वाट रंगवा.

जय भीम!